समुद्रफूल आणि क्लाउनफिश एका टाकीत: गोव्यातल्या घरासाठी सविस्तर मार्गदर्शन

समुद्रफूल म्हणजे सी अ‍ॅनिमनी, तोंडाभोवती दंश करणारी बोटांसारखी शुंडकं असलेला समुद्री प्राणी. समुद्रात क्लाउनफिश हा मासा त्या शुंडकांत घर करतो. घरच्या टाकीत मात्र क्लाउनफिशचं समुद्रफुलावाचून काही अडत नाही. हॅचरीत, म्हणजे पैदास केंद्रात, जन्मलेला मासा उभ्या आयुष्यात एकदाही समुद्रफूल न पाहता दहा वर्षांहून जास्त जगू शकतो. समुद्रफूलही माशाशिवाय सुखाने राहतं. दोघांना एकत्र पाहण्याची हौस आपली, आणि तिची किंमत बहुतेक वेळा समुद्रफुलाला मोजावी लागते. मासा चिवट असतो, पाणी थोडं बिघडलं तरी निभावून नेतो. समुद्रफुलाला तेवढी सवलत नाही. म्हणून माझं सांगणं असं, की टाकी समुद्रफुलासाठी उभारा. त्याला जे मानवतं ते माशाला मानवतंच.

दुकानातली अ‍ॅनिमनी सहा महिन्यांच्या वर टिकत नाही, असं बरेच जण गृहीत धरतात. हा प्राणी मुळात दीर्घायुषी आहे. स्कॉटलंडचे निसर्ग अभ्यासक सर जॉन डॅलिएल यांनी १८२८ साली नॉर्थ बेरिकच्या किनाऱ्यावरून घरी आणलेलं एक समुद्रफूल काचेच्या भांड्यात १८८७ पर्यंत जगलं. लोक त्याला ‘ग्रॅनी’ म्हणत. ती जात थंड पाण्यातली, क्लाउनफिशची नव्हे. पण तिच्याकडे ना पंप होता ना दिवा, होती ती वेळच्या वेळी पाणी बदलणारी माणसं. आपल्याकडे समुद्रफूल वर्षाच्या आत मरत असेल, तर दोष त्याच्या आयुर्मानात शोधू नये.

कोणतं समुद्रफूल, कोणता मासा

समुद्रफुलांच्या हजाराहून अधिक जाती आहेत. त्यांपैकी क्लाउनफिश ज्यांत राहतो अशा जेमतेम दहा. घरच्या टाकीसाठी मी त्यांतली एकच सुचवीन: बबल टिप, म्हणजे एन्टाक्मिया क्वाड्रिकलर. शुंडकांच्या टोकाला फुगे येतात म्हणून हे नाव. कधी फुगे येतात, कधी येत नाहीत. त्यावरून तब्येतीचा अंदाज बांधू नका. हे साधारण ३० सेंटिमीटरपर्यंत वाढतं, इतरांच्या मानाने काटक आहे, आणि टाकीत आपोआप दुभागतं. हे शेवटचं कारण मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. दुभागून झालेलं पिल्लू टाकीच्याच पाण्याला सरावलेलं असतं आणि त्याच्यासाठी कोणत्याही प्रवाळ खडकाला हात लावावा लागलेला नसतो. ते मिळत असेल तर थोडे जास्त पैसे मोजा.

कार्पेट गटातली समुद्रफुलं दिसायला भारी असतात, पण हॅडोनी अर्ध्या मीटरपेक्षा रुंद होतं आणि लहानसहान मासे सहज गिळतं. मर्टेन्साय तर मीटरभर पसरतं. मॅग्निफिका सतत फिरत राहतं आणि त्याला अतिशय प्रखर प्रकाश लागतो. पहिल्या टाकीत यांपैकी काहीच नको.

माशांत ऑसेलॅरिस किंवा पर्क्युला या जातींचे क्लाउनफिश घ्या. निसर्गात ऑसेलॅरिसची घरं म्हणजे मॅग्निफिका, जायगँटिया आणि मर्टेन्साय ही समुद्रफुलं, बबल टिप त्यांत येत नाही. तरी टाकीत तो बहुधा बबल टिप स्वीकारतो. टोमॅटो क्लाउन आणि मरून क्लाउन निसर्गातही बबल टिपमध्येच राहतात, फक्त मरूनची मादी मोठी झाली की हात घालणाऱ्याला चावते आणि टाकीतल्या इतरांना जगू देत नाही. क्लार्की कोणत्याही यजमानात रमतो. भारताच्या किनाऱ्यांवर आढळणारा सेबे क्लाउन हॅडोनीचा सोबती आहे, त्याला बबल टिप पसंत पडेलच असं नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने मंडपम आणि विळिंजम इथल्या केंद्रांत क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र बसवून बराच काळ झाला. त्यामुळे समुद्रातून पकडलेला मासा घेण्याचं आता काही कारण उरलेलं नाही. दुकानदाराला ‘हॅचरीचा आहे का?’ असं सरळ विचारा.

टाकी आणि तिची जागा

एका बबल टिपसाठी आणि क्लाउनच्या जोडीसाठी १५० ते २०० लिटरची टाकी धरा. लहान टाकी स्वस्त पडते, पण तिच्यातलं तापमान आणि क्षार दोन्ही भरभर बदलतात. गोव्याच्या हवेत ते परवडत नाही. २०० लिटर पाणी, काच, दगड आणि स्टँड मिळून वजन पावणेतीनशे-तीनशे किलोच्या आसपास जातं. जुन्या घरात माडीवर लाकडी तक्तपोशी असेल तर टाकी खाली, पक्क्या जमिनीवर ठेवा. फ्लॅटमध्ये भिंतीला लागून, तुळईच्या जवळ. दुपारच्या उन्हाची खिडकी टाळा.

विजेचं काम सुरुवातीलाच नीट करून घ्या. टाकीच्या बोर्डाला अर्थिंग आणि गळती होताच वीज तोडणारा आरसीसीबी हवाच. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळी घेऊन मग वर गेली पाहिजे, म्हणजे तिच्यावरून ओघळणारं पाणी प्लगमध्ये न जाता खाली ठिबकतं. खारी हवा आणि खारे शिंतोडे यांनी साधे स्क्रू गंजतात, तेव्हा स्टँडला स्टेनलेस स्टील वापरा.

सामान फार लागत नाही. फेसाबरोबर घाण काढणारा प्रोटीन स्किमर, टाकीखाली संप (पाणी गाळायची दुसरी टाकी), तिथून पाणी वर चढवणारा रिटर्न पंप, पाणी हलतं ठेवणारे एक-दोन वेव्ह मेकर, एलईडी दिवा, क्षारता मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर आणि पाणी तपासायचे किट. बहुतेक गोवेकरांना हीटर लागणार नाही. त्याचे पैसे थंडाव्याकडे वळवा.

दगडांबद्दल मात्र थांबून सांगायला हवं. प्रवाळ १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहेत, समुद्रघोडेही. ग्रँड आयलंडजवळ डुबकी मारताना उचललेला प्रवाळाचा तुकडा, मेलेला असला तरी, घरी आणणं गुन्हा आहे. त्याच्याऐवजी सच्छिद्र सिरॅमिकचे तयार दगड मिळतात, काम तेवढंच चांगलं करतात. अंगणातला चिरा टाकीत घालू नका, जांभ्यात लोह भरपूर असतं. हणजूण-वागातोरच्या खडकांवरून काही खरवडून आणण्याचा मोहही नको. त्या खडकांवर गालिच्यासारखे पसरलेले मऊ जीव दिसतात, त्यांपैकी पॅलिथोआ गटातल्या काहींत पॅलिटॉक्सिन नावाचं जहाल विष असतं. असे दगड ‘निर्जंतुक’ करायला घरात उकळल्यामुळे वाफेतून विषबाधा होऊन माणसं इस्पितळात पोचली आहेत. तळाला अ‍ॅरागोनाइटची (चुनखडीच्या जातीची) वाळू दोन-तीन सेंटिमीटर घाला.

पाणी

समुद्र पाच मिनिटांवर असताना विकतचं मीठ कशाला, असा प्रश्न आपल्याकडे हमखास येतो. समुद्राचं पाणी उत्तमच, पण ते इथे वर्षभर सारखं नसतं. जूनपासून मांडवी आणि जुवारी गोड्या, गढूळ पाण्याचा लोट आणतात आणि किनाऱ्यालगतची क्षारता घसरते. पावसाळ्याच्या आगेमागे किनाऱ्यावर तेलाचे काळे गोळे येतात, ते प्रत्येकाने पायाला लावून घेतले आहेत. नदीमुखाजवळ बोटींचं डिझेल आणि सांडपाणीही असतं. समुद्रफुलाला सर्वांत जास्त त्रास होतो तो बदलाचा. जानेवारीत एका चवीचं आणि जुलैत दुसऱ्या चवीचं पाणी त्याच्या अंगावर ओतू नये. त्यामुळे माझा कौल सिंथेटिक सी सॉल्टला.

मग आगरातलं मीठ का चालत नाही? रायबंदर, नेरूल, आगरवाडा इथल्या मिठागरांत पाणी आटत जातं तसे क्षार वेगवेगळ्या टप्प्यांवर खाली बसतात. आधी कॅल्शियमचे क्षार, मग सोडियम क्लोराइड, म्हणजे आपण गोळा करतो ते मीठ. मॅग्नेशियम आणि पोटॅशियम उरलेल्या कडू पाण्यात राहून जातं. मीठ खायला चांगलं होतं ते त्यामुळेच. पण ते पाण्यात विरघळवून पुन्हा समुद्र तयार होत नाही, कारण त्याचे बाकीचे घटक आगरातच राहिलेले असतात.

मिठात मिसळायचं पाणी आरओ-डीआय हवं, म्हणजे आरओनंतर रेझिनमधून उरलेले क्षारही काढलेलं, विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दाखवणारं. स्वयंपाकघरातला आरओ पुरत नाही. बऱ्याच यंत्रांत चवीसाठी मिनरल परत घालतात आणि टीडीएस ५० च्या वर राहतो. नळाच्या पाण्यात क्लोरिन असतं, विहिरीच्या पाण्यात जांभ्याच्या पट्ट्यात लोह उतरतं. आरओच्या पुढे डीआय रेझिनची नळी जोडली की काम होतं. पावसाळ्यात गढूळपणामुळे पहिली सेडिमेंट कार्ट्रिज लवकर भरते, म्हणून मे अखेरीस एक जादा आणून ठेवा. टाकून द्यायचं आरओचं पाणी फरशीला आणि संडासाला वापरता येतं.

लिटरला साधारण ३५ ते ३८ ग्रॅम मीठ लागतं. ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे होतं, तेव्हा वजनावर न थांबता मापून बघा. आधी पाणी, मग मीठ, आणि पिंपात पंप सोडून रात्रभर फिरू द्या. क्षारता ३५ पीपीटी (हजार भागांत ३५ भाग क्षार), म्हणजे विशिष्ट गुरुत्व १.०२५-१.०२६. रिफ्रॅक्टोमीटर दर महिन्याला ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरवर समुद्रफुलाचा जीव टांगू नका.

टाकीतून उडून जातं ते फक्त पाणी, मीठ मागे राहतं. म्हणून रोजची भर नेहमी बिनमिठाच्या आरओ-डीआय पाण्याची. पंखे लावलेल्या टाकीतून दिवसाला दोन-तीन लिटर सहज उडतात. दोन दिवस भर घातली नाही तर क्षारता चढते, आणि मग एकदम बादली ओतली तर झपकन उतरते. समुद्रफूल नेमकं अशा हेलकाव्यांनी मिटतं. पातळी उतरली की आपोआप पाण्याची भर घालणारं ऑटो टॉप-ऑफ हे छोटं यंत्र घेतलं तर हा प्रश्नच राहत नाही. पैसे कमी असतील तर दुसरं काहीतरी उशिरा घ्या, हे आधी घ्या.

बाकीचे आकडे असे ठेवा: अमोनिया आणि नायट्राइट शून्य, नायट्रेट २ ते १० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग), फॉस्फेट ०.१ पीपीएमच्या खाली, पीएच ८.१ ते ८.४, अल्कलिनिटी (पाण्याची पीएच सांभाळून धरण्याची ताकद) ८ ते ९ डीकेएच या एककात, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० पीपीएम. नायट्रेट अगदी शून्यावर आणण्याचा अट्टहास नको, समुद्रफुलाच्या अंगातल्या शैवालाला थोडं खत लागतंच.

उष्णता, आणि वीज गेली तर

गोव्यातल्या टाकीचं खरं दुखणं हे. समुद्रफुलाच्या पेशींत सूक्ष्म एकपेशीय शैवाल राहतं आणि प्रकाशावर तयार केलेलं बरंचसं अन्न यजमानाला देतं. पाणी बराच काळ ३० अंशांच्या वर राहिलं की ही भागीदारी मोडते, शैवाल बाहेर पडतं आणि समुद्रफूल पांढरं पडतं. त्यात गरम पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो. लक्ष्य २५ ते २७ अंश सेल्सियस ठेवा, आणि दिवसरात्रीतला फरक शक्यतो एका अंशात.

पाण्याच्या पृष्ठभागावर वारा घालणारे छोटे पंखे दोन-तीन अंश उतरवतात. डिसेंबर-जानेवारीत तेवढं भागतं. एप्रिल-मेत खोलीच ३२-३३ वर असते तेव्हा ते अपुरे पडतात, आणि पावसाळ्यात हवेत इतका दमटपणा असतो की पाणी उडतच नाही, मग थंडावा कुठून येणार? म्हणून गोव्यात समुद्रफूल ठेवायचं तर पाणी थंड करणारा चिलर घ्या, किंवा टाकी अशा खोलीत ठेवा जिथे एसी दिवसाचा बराच काळ चालतो. ज्यांना हे दोन्ही शक्य नाही त्यांनी समुद्रफूल घेऊ नये, नुसती क्लाउनची जोडी ठेवावी. सांगायला जड जातं, पण उन्हाळ्यात हळूहळू विरघळणारा प्राणी पाहणं त्याहून वाईट. चिलर बंद कपाटात ठेवू नका. तो पाण्यातली उष्णता बाहेर टाकतो, ती निघून जायला वाट हवी.

पहिल्या पावसाच्या वादळात वीज जाते ती कधी तासभर, कधी रात्रभर. सगळी टाकी इन्व्हर्टरवर चालवायची गरज नाही. एक वेव्ह मेकर जोडला तरी पुरतं, तो मोजकेच वॉट खातो आणि पाण्याचा वरचा थर ढवळून ऑक्सिजन आत घेतो. इन्व्हर्टर नसेल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घरात असू द्या. दिवा रात्रभर बंद राहिला तर काही बिघडत नाही. चिलर बंद पडून पाणी तापू लागलं तर आरओ पाण्याच्या बाटल्या गोठवून संपमध्ये तरंगत ठेवा, एका वेळी एक. घाईने चार टाकल्या तर दुसऱ्या टोकाचा धक्का बसतो.

सहा महिने थांबणं

ही पायरी लोक गाळतात. नव्या टाकीत माशांच्या मलमूत्रातल्या अमोनियाचं नायट्राइट आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे जिवाणू दगडांवर वसायला चार ते सहा आठवडे लागतात. बाटलीतले जिवाणू आणि थोडा अमोनिया घालून ही सुरुवात करा, मासा बळी देऊन नको. अमोनिया-नायट्राइट शून्यावर आले म्हणजे टाकी माशांसाठी तयार झाली. समुद्रफुलासाठी अजून नाही. तपकिरी शैवाल येतं, जातं, हिरवं येतं, अल्कलिनिटी वरखाली होते, आणि सहा महिन्यांच्या आसपास पाणी एका तालावर येतं. दर आठवड्याला एकाच दिवशी, एकाच वेळी तपासणी करून वहीत लिहा. सलग सहा-आठ आठवड्यांचे आकडे फारसे हलले नाहीत, तर तुमची टाकी तयार आहे. मधल्या काळात दोन-तीन शांत मासे आणि शैवाल खाणाऱ्या गोगलगाई ठेवायला हरकत नाही.

टाकी सुरू करायचा मुहूर्त म्हणाल तर गणेश चवथ झाल्यावर. पाऊस ओसरलेला असतो, पुढे थंडी येते, आणि उन्हाळ्याआधी चिलरची परीक्षा घ्यायला वेळ मिळतो. समुद्रफूल ऐन मे महिन्यात आणू नका.

दिवा आणि प्रवाह

बबल टिपला मध्यम ते बऱ्यापैकी प्रखर प्रकाश लागतो, शैवालाच्या उपयोगाचा प्रकाश मोजणाऱ्या पीएआर मीटरवर सुमारे १०० ते २५०. खाऱ्या पाण्याच्या टाकीचा निळा-पांढरा एलईडी घ्या, गोड्या पाण्याच्या वनस्पतींचा नव्हे. दिवसाला आठ ते दहा तास पुरे. प्रवाह मध्यम हवा, शुंडकं हलतील एवढा, समुद्रफूल आडवं होईल एवढा नाही. दगड असे रचा की मधे खोल खाच राहील. बबल टिप पाय अंधाऱ्या खाचेत रोवतं आणि डोकं उजेडात काढतं.

वेव्ह मेकरवर स्पंजची टोपी किंवा जाळी आजच बसवा. समुद्रफूल रात्रीत चालत जातं, पंपात ओढलं जातं आणि त्याचा किमा होतो. मग त्याचे दंशपेशींनी भरलेले तुकडे टाकीभर फिरून मासेही मारतात. टाकीतलं पाणी संपमध्ये उतरतं त्या ओव्हरफ्लोच्या फटीलाही जाळी हवी.

विकत घेताना

तोंड घट्ट मिटलेलं आहे का, आधी तेवढं पाहा. तोंड उघडं, बाहेर लोंबतं, आतून पांढरं दिसत असेल तर प्राणी सोडून द्या, कितीही स्वस्त असला तरी. पाय काचेला किंवा दगडाला चिकटलेला आणि न फाटलेला असावा. शुंडकं चिकट असावीत. रंग तपकिरी, हिरवा, गुलाबी-लाल चालेल. दुधासारखं पांढरं म्हणजे शैवाल गमावलेलं, आणि झगझगीत पिवळं किंवा जांभळं समुद्रफूल बहुधा रंगात बुडवलेलं असतं. त्याच्यापर्यंत प्रकाश नीट पोचत नाही आणि ते उपाशी मरतं. दुकानदाराला तुमच्यासमोर छोटा घास द्यायला सांगा. धरून तोंडाकडे नेलं तर चांगलं.

समुद्रफूल दुकानात आल्या आल्या उचलू नका. आठवडाभर तिथेच राहून ताठ राहिलं तर न्या. म्हापसा किंवा मडगावहून घरी नेताना पिशवी थर्माकोलच्या डब्यात ठेवा, स्कूटरच्या हुकला उन्हात लटकवू नका.

पहिला आठवडा

दिवे मंद करा. बंद पिशवी अर्धा तास टाकीत तरंगवून तापमान जुळवा. मग पाणी आणि प्राणी बादलीत घेऊन बारीक नळीने टाकीचं पाणी थेंबथेंब सोडा, तासभर तरी, क्षारतेत फरक असेल तर आणखी. दुकानाचं पाणी टाकीत ओतायचं नाही. हातात नायट्राइलचे मोजे घालून समुद्रफूल पायाकडून अलगद उचला आणि खाचेत पाय खाली करून ठेवा. मोजे दोघांसाठी आहेत: कातडी नाजूक असणाऱ्याला दंशाने पुरळ येतं, आणि हाताला लागलेला साबण किंवा डासांचं मलम समुद्रफुलाला घातक ठरतं.

तासभर वेव्ह मेकर बंद ठेवा म्हणजे पाय चिकटेल. त्यानंतर ते फिरू लागलं तर फिरू द्या. जागा तुम्ही ठरवायची नसते, ते ठरवतं. परत परत उचलून ‘छान दिसेल’ तिथे बसवणाऱ्यांचं समुद्रफूल थकून मरतं. प्रकाश निम्म्यावरून सुरू करून दोन-तीन आठवड्यांत पूर्ण न्या. पहिला आठवडा अन्न नको.

आता मासा

समुद्रफूल एका जागी तीन-चार आठवडे स्थिर राहिलं की क्लाउनची जोडी सोडा. आधीच असलेले क्लाउन नव्या समुद्रफुलाला इतकं अंगाने घुसळतात की ते उघडतच नाही. तसं झालं तर त्याच्यावर काही दिवस भोकांची प्लॅस्टिकची टोपली उपडी ठेवा.

क्लाउनफिश सगळे नर म्हणून जन्मतात. गटातला सर्वांत मोठा मादी होतो, दुसरा तिचा जोडीदार, बाकीचे खाली दबून राहतात. म्हणून लहान वयाचे, एक मोठा आणि एक छोटा, असे दोनच घ्या. तिसरा लहान टाकीत मार खाऊन मरतो. आणलेले मासे आधी वेगळ्या टाकीत चार आठवडे ठेवा. पांढऱ्या ठिपक्यांचा क्रिप्टोकॅरिऑन हा रोग आला तर तांब्याचं औषध त्या टाकीतच करता येतं. मुख्य टाकीत तांब्याचा थेंबही समुद्रफुलाचा जीव घेतो, आणि दगडात मुरलेलं तांबं नंतरही बाहेर येत राहतं.

मासा समुद्रफुलात कधी शिरेल हे सांगता येत नाही. कधी तासाभरात, कधी महिन्यांनी, कधी कधी शेवटपर्यंत नाही. हॅचरीच्या माशाने ही गोष्ट कधी पाहिलेली नसते. तो आधी शेपटी टेकवतो, मागे सरतो, मग पोट घासतो. त्याच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे दंशपेशी सुटत नाहीत. त्याला जाळीने आत ढकलण्याचा प्रयत्न करू नका, त्यात दोघेही जखमी होतात. एकदा रमला की फायदा दोघांचा. माशाच्या उत्सर्गातला अमोनिया समुद्रफुलातल्या शैवालाला खत होतो, रात्री शुंडकांत हलणारा मासा तिथलं पाणी खेळतं ठेवतो, आणि समुद्रात फुलपाखरी माशांना हाकलून लावतो. फुलपाखरी मासे समुद्रफूल खातात, म्हणून ते टाकीत नकोतच. ट्रिगर, पफर आणि मोठे एंजलही नकोत. मँडरिनसारखे संथ मासे शुंडकांत अडकतात. क्लीनर कोळंबी आणि पोर्सिलिन खेकडा चांगले शेजारी आहेत, खेकडा तर समुद्रफुलातच घर करतो.

खाऊ

आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा, मिटल्या तोंडापेक्षा लहान घास. बाजारातली सुंगटं (कोळंबी) उत्तम: सोलून, आरओ पाण्यात धुऊन, बारीक कापून चार-पाच दिवस गोठवा, मग वापरा. बर्फ किंवा दुसरं काही मारलेली शिळी मासळी नको. घास चिमट्याने शुंडकांवर ठेवा, आत ढकलू नका. टाकीतल्या क्लीनर कोळंबीने तो पळवला तर हाताने तिला थोडा वेळ अडवा. तोंड आणि गुदद्वार एकच असल्यामुळे समुद्रफूल एखाद-दोन दिवसांनी तपकिरी लोळे बाहेर टाकतं, ते साहजिक आहे. दिलेलं मांस तसंच ओकलं तर घास मोठा होता. क्लाउनला रोज दोन वेळा थोडं पेलेट किंवा गोठवलेला आर्टेमिया (अगदी बारीक कोळंबीसारखे जीव) द्या. तो त्यातलं स्वतः समुद्रफुलाकडे नेतो.

आजारपण ओळखताना

दिवसातून एकदा आकसून पुन्हा फुलणं ठीक आहे, आतलं जुनं पाणी टाकताना ते असं करतं. काळजीची खूण वेगळी: दिवसभर मिटलेलं, तोंड सैल, पाय सुटलेला, दिवसेंदिवस लहान होत जाणारं. अशा वेळी औषध शोधण्याआधी क्षारता, तापमान आणि अल्कलिनिटी मोजा, आणि २० टक्के पाणी बदला. बहुतेक वेळा कारण तिथेच सापडतं. कातडी सुटून धागे निघू लागले आणि कुजका वास आला तर वाट पाहू नका, लगेच बाहेर काढा, पाणी शुद्ध करणारा सक्रिय कार्बन घाला, मोठं पाणी बदला. मेलेलं समुद्रफूल काही तासांत सगळी टाकी नासवतं.

नेहमीची राखण सोपी आहे. आठवड्याला १० टक्के पाणी बदल, त्याच तापमानाचं आणि क्षारतेचं. चवथीला गावच्या घरी जाताना शेजाऱ्याला माशांचा खाऊ रोजच्या पुड्या बांधून द्या, डबा देऊ नका. समुद्रफुलाला तेवढे दिवस काहीच नको. शेजाऱ्याला फक्त टॉप-ऑफची भरलेली बादली आणि चिलरवरचा आकडा पाहायला सांगा.

एकाचे दोन झाले तर

बबल टिप बहुधा रात्रीतून मधोमध ताणून दुभागतं. सकाळी दोन फाटकी, छोटी समुद्रफुलं दिसतात. घाबरू नका, दोन-तीन दिवस अन्न देऊ नका, जखमा आपोआप मिटतात. चांगल्या खाण्यापिण्यानेही दुभागतं आणि धक्क्यानेही, म्हणून त्या दिवशी एकदा पाणी तपासून घ्या. दोन्ही टाकीत मावणार नसतील तर एक दुसऱ्या हौशी माणसाला द्या, पण महिनाभर सावरू दिल्यानंतर आणि त्याची टाकी स्वतः पाहून. सुटा दगड असेल तर दगडासकटच द्या. काचेला चिकटलं असेल तर पायाच्या कडेला बाहेरून बर्फाचा खडा लावा, कडा सुटू लागली की जुनं एटीएम कार्ड हळूहळू खाली सरकवा. ओढायचं नाही. पाय फाटला तर जखम सडते. एका वेळी जेवढं सुटेल तेवढं सोडवा, राहिलेलं दुसऱ्या दिवशी.